दुसरी सही

दिनांक ११ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी जुळी मुले आणि घरातली सर्व मंडळी खुशाल असालच. आमच्याकडची खुशाली हल्ली तुला माझ्या आधी कळते, म्हणून ती लिहीत नाही.

पत्र टपालाने पाठवते आहे, कारण फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की माझा मुद्दा कुठल्या कुठे जातो. लहानपणापासून हेच चालत आले आहे. तेव्हा आधी घडलेल्या गोष्टी घडल्या त्या क्रमाने मांडते. त्यांत काही चुकले असेल तर दाखवून दे.

पहिली गोष्ट. माझ्या ठकूच्या तेराव्या वाढदिवसाला तू तिला फोन दिलास. मला विचारले नाहीस. शाळा संपेपर्यंत फोन नाही असे मी ठरवले होते, आणि ते तुला ठाऊक होते. तुझ्या जुळ्यांच्या बाबतीत तूही तेच ठरवले आहेस. खोके उघडताच पोरगी तुझ्या गळ्यात पडली. मी दिलेला मायक्रोस्कोप त्याच टेबलावर होता. भिंगे मी स्वतः निवडून आणली होती. तो अजून त्याच्या थर्मोकोलमध्ये आहे.

दुसरी गोष्ट. तुझ्या कंपनीचे ॲप त्याच दुपारी तूच तिच्या फोनवर घालून दिलेस. "ताई, मी दिवसभर हेच तर बनवते," असे तू म्हणालीस. कोणापुढे यानंतर काय आणून ठेवायचे हे ठरवणारे यंत्र तू आणि तुझे सहकारी घडवता, हे मला तेव्हा प्रथम नीट समजले. तोवर मी लोकांना 'ती कॉम्प्युटरमध्ये असते' एवढेच सांगत असे.

तिसरी गोष्ट. थंडी सुरू झाली तसे ठकूच्या ताटात अन्न उरू लागले. आधी लोणी गेले, मग अंड्यातला पिवळा भाग, मग अंडेच गेले. विचारले की, "भूक नाही गं." पोहण्याच्या वर्गाला मात्र एकही खाडा नाही.

चौथी गोष्ट. मी तिचा फोन तपासला. पोहायला जाताना तो घरीच राहतो. उघडण्याचा आकडा म्हणजे तुझी जन्मतारीख आहे. माझी घालून पाहिली, ती चालली नाही. आत मांजरे होती, केस बांधण्याचे प्रकार होते, शिट्टी वाजवत उलटा चालणारा कोणी एक बाप्या होता, आणि मध्येच एक मुलगी होती. अंगठा आणि करंगळी आपल्याच मनगटाभोवती जुळवून दाखवणारी. दिवसभरात एका सफरचंदावर भागवल्याचा तिला अभिमान वाटत होता.

पाचवी गोष्ट. त्या दिवसापासून मी रोज तपासत गेले आणि रोज तो प्रकार वाढत गेला. आधी मांजरे हटली. मग शिट्टीवाला दिसेनासा झाला. शेवटी फोन उघडावा तर फासळ्या मिरवणाऱ्या मुलींखेरीज दुसरे काही समोर येईना. माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या यंत्राने माझ्या मुलीला हेरले आणि एका कोपऱ्यात नेऊन उभे केले. त्यांतले सर्वांत वाईट ते मी त्याच फोनमध्ये खूण करून जपून ठेवले आहे. उद्या तुमच्या कंपनीतले कोणी नाकबूल झाले तर दाखवता यावे. नमुना फेकून द्यायचा नसतो, हे मी माझ्या कामात शिकले आहे.

सहावी गोष्ट लिहायला मला आवडत नाही. तलावाच्या पायरीवर ठकू चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर पोहण्याच्या बाईंनी विचारले, "घरून कोणाला बोलावू?" तिने तुझा नंबर सांगितला. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या प्रयोगशाळेत, एका अनोळखी माणसाच्या पोटातली गाठ मायक्रोस्कोपखाली पाहत बसले होते. तू शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलीस. मला कळले तेव्हा तू तिला गरम दूध पाजून मोकळी झाली होतीस, आणि बाई मला म्हणाल्या, "आई येऊन गेल्या की." मी त्यांचा गैरसमज दूर केला. त्यांना फारशी लाज वाटलेली दिसली नाही.

यापुढचे तुला माहीत आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, जागा बदलून पाहा. 'थोडे दिवस' म्हणून ती तुझ्याकडे आली, आणि ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत.

परवा तू फोटो पाठवलास. ठकू तुझ्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसली आहे, अंगात तुझा निळा स्वेटर, केस तुझ्यासारखे कानापर्यंत कापलेले, आणि तोंडात घास. मी तो फोटो मोठा करून पाहिला. घासच आहे. ठकूच्या बाबांना दाखवला, तर त्यांना कोण आनंद.

"जेवतेय ना तिकडे?" ते म्हणाले.

"जेवते आहे."

"मग झालं तर."

"काय झालं?"

"अगं, पोरगी जेवतेय. कुणाच्या घरी जेवतेय ते काय बघायचंय?"

पुरुषांना काही गोष्टी कळत नाहीत, आणि ज्या कळतात त्या ते नेमक्या नको त्या वेळी बोलून दाखवतात.

आता मुद्द्याचे. आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. गाठ वाईट निघाली तर एका डॉक्टरच्या सहीने अहवाल बाहेर जात नाही. दुसऱ्याने तीच स्लाइड आपल्या डोळ्यांनी पाहून खाली सही करायची. मी कितीही खात्रीने सांगितले तरी माझे सहकारी ती स्लाइड पुन्हा पाहतातच, आणि मला त्याचा राग येत नाही. कोणा परक्या माणसाच्या गाठीसाठी आम्ही एवढे करतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या उशाशी रोज काय पाठवायचे, यावर तुमच्याकडे दुसरी सही कोणाची असते? पहिली तरी कोणाची असते?

मला तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. माझ्या मुलीला काय पाहावेसे वाटते हे तुमच्या यंत्राला कळते कसे? ते लहान मुलांपर्यंत पोचते तेव्हा मध्ये कोण माणूस उभा असतो? आणि जे तू रांधतेस ते तुझ्या जुळ्यांच्या ताटात का नाही?

उत्तर लेखी दे. ठकूला येत्या रविवारी आणून सोड. तिचा पोहण्याचा पोशाख धुऊन ठेवला आहे.

तुझी ताई,
आणि ठकूची आई. तलावावरच्या बाईंना हे कळवले तर बरे.


दिनांक २९ एप्रिल

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. तुझ्या ओळी अजून उजवीकडे वर चढतात.

रविवारी तुम्ही आला नाहीत. मी दुपारपासून खिडकीशी होते, हे ठकूचे बाबा तुला सांगतीलच, तेव्हा मीच सांगून टाकते. सोमवारी तुझा लिफाफा आला. तो मी जिन्यात उभ्यानेच फोडला, वाचला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि कामावर गेले. नंतर तीन वेळा उत्तर लिहायला घेतले. तिन्ही कागद भाषेच्या दृष्टीने उत्तम होते. तिन्ही फाडले.

तू लिहितेस, की तुमच्या यंत्राला मन वाचता येत नाही. माणूस कुठे थांबला, कुठून मागे फिरला, काय जपून ठेवले, एवढेच त्याला कळते. जिथे थांबला तिथले आणखी आणून द्यायचे. जपून ठेवले तर सर्वांत जास्त आणून द्यायचे. तो प्रेमाने थांबला की भीतीने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि त्याखाली, तुझ्या त्या चढत्या ओळीत: "ताई, ठकूला मी विचारलं. ती अशा व्हिडिओंवर थांबत नव्हती गं. मग थांबत कोण होतं?"

हे वाचल्यावर मी तुझ्यावर अतिशय रागावले. तू मला फसवून कोंडीत पकडलेस असे वाटले. लहानपणी पत्त्यांत तू असेच करायचीस. शेवटचे पान हातात ठेवून आधी गोड बोलायचीस.

त्याच दुपारी आमच्याकडे एक अवघड स्लाइड आली. दोघांनी समोरासमोर बसून एकाच वेळी पाहता येते असा एक मायक्रोस्कोप आमच्याकडे आहे. मी स्लाइड सरकवत होते, समोर माझे सहकारी. निरोगी पेशींचा भाग आला की मी झरझर पुढे जाते, आणि काही बिघडलेले दिसले की थांबते. पुढे जाऊन परत मागे येते. पुन्हा पाहते. इतकी वर्षे मी हेच करते आहे आणि ते चांगले करते. सहकारी डोळे चोळत म्हणाले, "मॅडम, तुमच्याबरोबर स्लाइड बघायची म्हणजे गाडीतून फिरायला निघायचं आणि रस्त्याचे फक्त खड्डे बघायचे."

एरवी मी त्यांना चांगले सुनावले असते. त्या दिवशी माझा हात स्लाइड सरकवायच्या चाकावरच राहिला.

मांजरांवरून मी झरझर पुढे गेले होते. शिट्टीवाल्याकडे मी ढुंकून पाहिले नव्हते. मनगटवालीवर मात्र थांबले, मागे आले, पुन्हा पाहिले, आणि नमुना म्हणून जपून ठेवले. 'हे नको' असे सांगायची सोय त्यात आहे, ती मला दिसली होती. मी ती वापरली नाही. पुरावा पुसायचा नाही, म्हणून. ठकू पाण्यात हातपाय मारत असताना मी तिच्या पलंगावर चष्मा लावून बसत असे आणि तिच्या नावाने ते विष निवडून निवडून मागवत असे. तिच्यात मुळात काही कुरबूर होती, ती मी लावली नाही. पोहण्याच्या पोशाखावरून वर्गातल्या कोणी काही बोलले होते, असे तू लिहितेस. हेही मला तुझ्याकडूनच कळावे. पण थेंबाची धार मी केली.

इथवर मी सहन केले असते. चूक पद्धतीची होती, हेतूची नव्हती, असा अहवाल मी स्वतःपुरता लिहूनही ठेवला होता. पण तुझ्या पत्राचे मागचे पान मी जिन्यात वाचले नव्हते. ते संध्याकाळी वाचले.

तू जसे लिहिलेस तसे इथे पुन्हा उतरवते, कारण ते माझ्या हाताने लिहिले जावे असे मला वाटते.

तू तिला विचारलेस, "एवढं सगळं जपून कशाला ठेवलंयस गं?"

ती म्हणाली, "मी कुठे ठेवलंय मावशी? आईने ठेवलंय."

"आईने? कशाला?"

"माझ्यासाठी. तोंडाने नाही बोलली ती. मी पोहून आले की रोज एकदोन नवीन असायचे. म्हटलं, तिला मी अशी व्हायला हवीये."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"मावशी, तिला माझं काहीच जसंच्या तसं आवडत नाही. निबंध असू दे नाहीतर पाढे. मग पोटच कसं आवडेल?"

धाकटे, मी हे खोडायला घेतले होते. निबंध मी दुरुस्त करते, कारण तो आणखी चांगला होऊ शकतो. पाढे मी पुन्हा म्हणायला लावते, कारण ते पक्के हवेत. तिच्या पोटाबद्दल मी जन्मात एक शब्द बोललेली नाही. हे सगळे खरे आहे, आणि ते तिच्यापर्यंत ज्या रूपाने पोचले तेही तितकेच खरे आहे. मी काही बोलले नव्हते, हीच अडचण झाली. बोलले असते तर तिने उलट उत्तर दिले असते.

आता एक गोष्ट लिहिते. ती वाचून तू हसू नकोस.

तुझा मत्सर करण्याची मला सवय आहे. तू नापास झालीस तरी घरात तुझे कौतुक व्हायचे आणि मी पहिली आले की 'ती येणारच' म्हणून विषय संपायचा. ते मी कधीच गिळून टाकले. ठकू तुझी आहे असे वाटते तेव्हा ते पुन्हा घशाशी येते. ती तुझ्याशी दार लावून बोलायची. हसण्याचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. मी स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी राहायचे. नंतर मला वाटू लागले, की तू निदान तिची मावशी तरी आहेस, पण हे तुझे यंत्र कोण? माझी मुलगी काय पाहून थांबते, कशाने दुखावते, हे एका कंपनीला ठाऊक असावे आणि मला नसावे? मी रोज तो फोन उघडत होते तो तिच्या काळजीपोटी, असे तुला पहिल्या पत्रात लिहिले. ते अपुरे आहे. त्याला तिच्याबद्दल काय माहीत आहे, ते मला चोरून पाहायचे होते. सवतीची पेटी उघडून पाहावी तसे. आणि त्या पेटीत माझेच तोंड निघाले.

त्याला काहीही माहीत नव्हते. त्याने तिला काही विचारले नाही. मीही विचारले नाही. विचारलेस ती तू. ती तुझ्या स्टुलावर बसून जेवते आहे त्याचे कारण एवढेच आहे, आणि ते मला निळ्या स्वेटरपेक्षा जास्त लागले.

पण म्हणून तुला मोकळी सोडते आहे असे समजू नकोस. तुझे पत्र प्रामाणिक आहे, तरी त्यात दोन ठिकाणी तू झरझर पुढे गेली आहेस. मी थांबले.

एक. ॲपमधली वयाची चौकट. तेरा लिहिले तर लहानांसाठीचे जास्तीचे निर्बंध लागतात, पालकांची परवानगी मागतात, आणि वाढदिवसाच्या गडबडीत कोण ते निस्तरणार, म्हणून तू तिथे स्वतःची जन्मतारीख घातलीस. हे तू एका ओळीत आटोपतेस, जणू दूध उतू गेले. तू ते यंत्र बनवणारी. निर्बंध कशासाठी असतात हे साऱ्या जगात ज्या थोड्या लोकांना माहीत आहे त्यांतली तू. तुझ्या यंत्राच्या लेखी माझी मुलगी ही मुलगी नव्हतीच. ती तू होतीस. मला काय वाटले असेल याचा विचार कर, आणि मग मला सोडून तिचा कर.

दोन. तू लिहितेस, की लहान मुलांच्या बाबतीत 'कुठे थांबले' हे मोजूच नये असे तू एका बैठकीत सुचवले होतेस. 'वापर कमी होईल, पुढे बघू,' असे वरचे म्हणाले, आणि विषय मागे पडला. त्यानंतर तू गप्प राहिलीस. का, ते लिहीत नाहीस. मी सांगते. त्या दिवशी घरी जाऊन तू जुळ्यांना फोन द्यायचा नाही असे ठरवलेस, आणि तुझ्यापुरता प्रश्न सुटला. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. तू दिले नाहीस, मी तुझ्या पत्रातून काढले. स्वतःच्या मुलांना जे द्यायला हात कचरतो, ते बहिणीच्या मुलीला वाढदिवसाला रिबीन बांधून देता येते, याला आमच्याकडे निष्काळजीपणा म्हणतात, आणि त्याची चौकशी होते.

मी माझ्यापुरती चौकशी केली. तूही कर. तो विषय बैठकीत पुन्हा मांड. तोंडी मांडू नकोस, हसशील. लिहून मांड आणि खाली सही कर.

आता ठकूविषयी.

फोन तू तिच्याकडून काढून घेऊ नकोस आणि मीही घेणार नाही. ती आणि तू मिळून काय ते ठरवा. त्यात खरे वय घाला. मी जपून ठेवलेले सर्व तिच्यासमोर पुसून टाक. एकही नमुना राहता कामा नये.

रविवारी तिला आणून सोड असे मी लिहिले होते. ते मागे घेते. पोशाख सोबतच्या पार्सलात आहे. तुझ्याजवळच्या तलावावर तिला वर्ग लावून देणार आहेस, असे तिचे बाबा म्हणाले. शनिवारी तिथे प्रेक्षकांना बसू देतात का, याची मी चौकशी केली, देतात. लाकडी बाक आहेत. मला तिथे येऊन बसायचे आहे. काही बोलणार नाही, हात कुठे वाकतो आणि पाय कुठे चुकतो ते सांगणार नाही. नंतर ती म्हणाली तर तिघी कुठेतरी जेवायला जाऊ. ताटाकडे पाहणार नाही.

तेव्हा तिला विचार: आईने शनिवारी यावे का?

तू तिच्या वतीने उत्तर देऊ नकोस. 'ती हो म्हणालीय गं' असे फोनवर कळवू नकोस; मी विश्वास ठेवीन, आणि मग रस्ताभर मला वाटत राहील की तू मनधरणी केलीस. तिने तिच्या हाताने लिहावे. 'ये' किंवा 'नको', एवढे पुरे. 'नको' आले तर मी येणार नाही, आणि तिच्या अक्षराविषयीही काही बोलणार नाही. कागद कसलाही चालेल.

खाली आधी तिची सही हवी. तिला ते वाचून दाखवून, तिने न घाबरता लिहिले आहे अशी खात्री करून मग तू कर. माझी मुलगी मला भिते की नाही, हे आजवर मी एकटीच पाहून ठरवत आले. यावर दुसरी सही लागते.

उत्तर शुक्रवारच्या टपालाने, लेखी.

ताई